क्रूस आणि दोन टिंबं

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, आमच्या कोळीवाड्यातल्या अठरा नाखव्यांनी शाळेच्या मोठ्या खोलीत बसून एका प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहिलं. प्रश्न असा होता: गावानं ठरवलेल्या बंदीत यंदा तुमच्या होडीवर बारीक आसेचं जाळं वापरलं का? त्यातल्या एका चिठ्ठीवर ‘होय’ लिहिलं होतं आणि खाली माझ्या वडिलांची खूण होती. चिठ्ठ्या मी गोळा केल्या होत्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

आमचा वाडा कळंबच्या उत्तरेला, सुरूच्या झाडांमागे. साठेक घरं, एक देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), एक शाळा आणि वाळूवर ओळीनं ओढून ठेवलेल्या अठरा होड्या. होडीचा मालक तो नाखवा. आमच्याकडची मासेमारी डोलीच्या जाळ्याची. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि मासळी शेवटच्या टोकाला अडकते. त्या टोकाची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असेल तर बोटाच्या पेराएवढं पापलेटचं पिल्लूही सुटत नाही. होळीनंतरच्या महिन्यांत किनाऱ्याजवळ ही पिल्लं फार असतात. ती तेव्हाच काढली तर पुढच्या हंगामात पापलेट कुठून येणार, एवढा हिशेब गावाला कळत होता. म्हणून होळीपासून पावसाळी बंदीपर्यंत बारीक आस लावायची नाही, असा नियम गावानं स्वतःच केला होता. तो सरकारचा नव्हता, त्यामुळे त्याला दंडही नव्हता. मोडणाऱ्याला एकच शिक्षा होती: त्याच्या होडीला वर्षभर कुणी हात लावायचा नाही.

हे वाचायला सौम्य वाटतं. होडी वाळूवर ओढायला चौदा-पंधरा माणसं लागतात आणि घरात दोन किंवा तीन असतात. पण शिक्षेचा खरा अर्थ दुसराच होता. होडी वेळेत परतली नाही तर तिला शोधायला कुणी जायचं नाही. त्याआधी दोन वर्षं दुमिंग नावाच्या नाखव्याला ही शिक्षा झालेली मी पाहिली होती. त्याची होडी एकदा रात्रभर परतली नाही. त्याची बायको दारोदार गेली. आमच्याही दारात आली. वडील उंबऱ्यात खाली मान घालून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी वरच्या गावाच्या लोकांनी त्याची होडी ओढत आणली. महिन्याभरानं तो बिऱ्हाड घेऊन नालासोपाऱ्याच्या एका चाळीत गेला. त्याची होडी उन्हात तडकली. चांदणीची खूण असलेले त्याचे बोये पुढं कित्येक वर्षं वाळूत पडून होते. तिथून जाताना मी नजर दुसरीकडे वळवायची.

बोये म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे पिंपासारखे गोळे. प्रत्येक घराची एक खूण असते आणि ती बोयांवर, पाट्यांवर, वल्ह्यांवर काळ्या रंगानं काढलेली असते. लाटांत शंभर बोये एकत्र दिसले तरी आपले कोणते ते त्या खुणेवरून कळतं. आमची खूण क्रूस आणि त्याच्या डाव्या अंगाला दोन टिंबं. आजोबांच्या वेळी दोन होड्या होत्या, त्याची ती टिंबं. अग्नेल नाखव्याची खूण नांगर. पेद्रूची माशाची शेपटी. मला बाराखडी यायच्या आधी या सगळ्या खुणा येत होत्या. वाड्यातल्या कुठल्याही पोराला येत होत्या.

घरातल्या काही गोष्टी मी त्या वर्षी पाहिल्या होत्या, पण एकमेकींना जोडल्या नव्हत्या. एरवी आई मासळी अंगणात निवडायची. पाटी पालथी केल्याचा ओला आवाज, कावळ्यांची झोंबी, शेजारणीशी चाललेल्या गप्पा, ही आमची सकाळ असायची. त्या उपवासकाळात मात्र ती मागच्या पडवीत, दार लावून निवडत होती. ताटात एका बाजूला बोंबील असायचे आणि आमटीत तळाशी काहीतरी बारीक, गोल, चांदीसारखं असायचं. मी एकदा विचारलं, “आय, हे काय?” ती म्हणाली, “खा मुकाट्यानं. काटा नाय त्याला.” मी खाल्लं. चव चांगली होती, हेही नोंदवायला हवं.

मॅडम मुंबईच्या एका संस्थेतून आल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, विषय अर्थशास्त्र, वय पस्तिशीचं. मासळी का संपते हे त्यांना समुद्रात बघायचं नव्हतं, माणसांत बघायचं होतं. “सगळ्यांना ठाऊक असतं की कमी काढलं तर सगळ्यांचंच भलं आहे. तरी जास्त काढतात. का? कुणी बघत नसतं म्हणून? की शेजारीही तेच करत असेल असं वाटतं म्हणून?” असं त्या विचारायच्या आणि खरोखर उत्तराची वाट बघायच्या. मी विरारच्या कॉलेजात कॉमर्सला होते आणि वाड्याची बोली माझी होती, म्हणून त्यांनी मला मदतीला घेतलं. त्यांनी एक खेळ आणला होता. मध्ये चिंचोक्यांनी भरलेली पाटी, हा दर्या. प्रत्येकानं आडोशाला जाऊन हवे तेवढे चिंचोके काढायचे. जे उरतील ते दुप्पट करून पुन्हा पाटीत. शेवटी ज्याच्याकडे जेवढे चिंचोके, तेवढे हात नायलॉनची दोरी. पहिल्यांदा कुणी किती काढले ते गुप्त, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवायचं. पेद्रू म्हणाला, “हा दर्या बरा हाय, मॅडम. वल्हवायला नको, वांती नाय.” सगळे हसले. गुप्त फेरीत पाटी तिसऱ्या डावालाच रिकामी झाली. मोठ्यानं वाचायच्या फेरीत शेवटपर्यंत भरलेली राहिली. मॅडमनी तेवढंच वहीत लिहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

चूक त्यानंतर झाली. जाळ्याबद्दलच्या प्रश्नाची चिठ्ठी आणि खेळात किती चिंचोके काढले त्याची चिठ्ठी एकाच माणसाची आहे, हे मॅडमना पडताळायचं होतं. नाव मात्र नको होतं. त्या म्हणाल्या, “नाव लिहू नका. तुम्हाला लक्षात राहील असं कुठलंही चिन्ह काढा. फूल काढा, घर काढा. मी कुणाला ओळखत नाही, त्यामुळे हे गुप्तच राहील.” मी ते आमच्या बोलीत सांगितलं. अठरा जणांनी पेन्सिली घेतल्या. हातात काही धरून खूण काढायची म्हटल्यावर त्यांचा हात आयुष्यभर एकच खूण काढत आला होता. त्यांनी तीच काढली. मॅडमना त्यात अठरा चित्रं दिसली. मी चिठ्ठ्या घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकत होते, तेव्हा मीही पाहिलं नाही.

मॅडम शनिवारी परत येणार होत्या. तोवर चिठ्ठ्यांवरची उत्तरं मी एका तक्त्यात उतरवायची होती. दुपारी जेवून मी पडवीत डबा उघडला. पहिली चिठ्ठी, नांगर. दुसरी, होकायंत्रासारखा गोल. तिसरीला माझा हात थांबला, कारण मी मनात नावं वाचत होते. चौथी उघडली तर क्रूस, डाव्या अंगाला दोन टिंबं आणि वडिलांच्या वाकड्या अक्षरात ‘होय’. पुढं वर्तमानपत्रात काम करताना लोक मला विचारायचे, भीती वाटली की नेमकं काय होतं? मला त्या दुपारचं एवढंच सांगता येतं: मी बाकीच्या चिठ्ठ्या न उघडता झाकण लावलं. स्वयंपाकघरात खारवायच्या मिठाचं पिंप होतं. डबा त्यात कोपरापर्यंत हात घालून पुरला. आई दारात उभी होती. मिठावर उमटलेला माझा हात तिनं आपल्या हातानं सपाट केला.

बुधवारी सकाळी वाळूवर जाळी दुरुस्त करताना पेद्रू मध्येच सुई धरून थांबला. हे मी पाहिलेलं नाही, दोघांकडून ऐकलं आणि दोघांनी सारखंच सांगितलं. तो समोरच्या बोयाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आयला, आपन हीच काढली ना रे चिठ्ठीवर?” दहा वाजेपर्यंत वाड्यातल्या प्रत्येक घराला कळलं की मिंगेलच्या पोरीकडे, म्हणजे माझ्याकडे, एक डबा आहे आणि त्यात कोण काय करतो ते लिहिलेलं आहे.

त्या दिवशी आमच्या घरी जेवढी माणसं आली तेवढी लग्नघरीही येत नाहीत. पहिली आली रोझमावशी, अग्नेल नाखव्याची बायको. अग्नेल गावकीचा प्रमुख होता. दुमिंगची शिक्षा त्यानंच जाहीर केली होती. मावशीच्या हातात ताज्या बोंबलांची पाटी होती आणि नजर कपाटाच्या माथ्यावर. “कवा आलीस, मावशे?” आई म्हणाली. “सहज. बोंबील जास्तीचे होते.” “तुमच्याकडं आनि जास्तीचे?” “काय बाय, तोंड हाय का कोयता हाय?” असं म्हणून मावशी हसली, मग खाली बसली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, “मार्था, तो डबा मॅडमला गेला का गं? आमच्या यांना झोप नाय.” मी म्हटलं, गेला. मी खोटं बोलले. तिला ते कळलं. तिचा हात घामानं ओला होता.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, अग्नेलला पुरावा हवा आहे. दुपारनंतर येईल त्या पावलाचा आवाज मी ओळखायचा प्रयत्न करत होते. पेद्रू आला आणि दारातूनच म्हणाला, “पोरी, दर्यावर ऱ्हायचं हाय ना तुला?” एवढं बोलून तो गेला. वडील खाटेवर जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. माझ्याशी ते त्या दिवशी एकच वाक्य बोलले: “शाळेत खोटा लिहायचा नाय, असा तूच सांगितला ना?” त्यात राग नव्हता. मॅडमनी खरं लिहा म्हटलं होतं, मी ते बोलीत सांगितलं होतं आणि त्यांनी खरं लिहिलं होतं.

गुरुवारी पहाटेच्या ओहोटीला सगळ्या होड्या गेल्या आणि साडेअकराच्या भरतीला सतरा परत आल्या. आमची आली नाही. होडीवर वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ लॉरेन्स असे दोघं होते. बारा वाजता वायव्येचा वारा सुटला. त्या दिवसांत तो दुपारी सुटतोच, पण एवढ्या जोरात नाही. एक वाजता आई वाळूवर जाऊन उभी राहिली. दोन वाजेपर्यंत सगळा वाडा तिथं होता. आज प्रत्येक होडीवर वायरलेस आहे, बोटाएवढ्या पडद्यावर जागा कळते. तेव्हा फक्त डोळे होते. पांढऱ्या फेसाच्या रेघा एकामागून एक येत होत्या आणि मध्ये काही काळं दिसलं की आई माझं मनगट आवळायची. ते काही नसायचं.

“मिंगू आपल्या खुंटाला नव्हता,” कुणीतरी वडिलांबद्दल म्हणालं. “तो वर गेला, किल्ल्याच्या बाजूला.” अर्नाळ्याच्या किल्ल्याबाहेर त्या दिवसांत पापलेटची पिल्लं दाट असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. होड्या पाण्यापासून वीस पावलांवर होत्या. सतरा नाखवे त्यांच्याजवळ उभे होते, हात पाठीमागे बांधून. मी त्या हातांकडे बघत होते. आई अग्नेलसमोर गेली. “अग्नेलभाऊ, होडी काढा.” अग्नेलनं समुद्राकडे पाहिलं. उत्तर पेद्रूनं दिलं. “वैनी, गावकीचा नियम हाय. आधी डबा आना. नसेल त्यात काय, तर मीच पहिला जातो.”

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. मी घराकडे धावले. मिठात हात घातला तेव्हा बोटाची जखम झोंबली, ती कधी झाली ते आठवत नाही. डबा घेऊन मी सरळ निघायला हवं होतं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या. आमची एक काढून चुलीत टाकायची, असं ठरवलं होतं. पण अठरा जणांनी लिहिलं हे अठराही जणांना माहीत होतं, आणि जी खूण सापडली नसती तीच दोषी ठरली असती. म्हणून मी नुसत्या वाचल्या. अकरा चिठ्ठ्यांवर ‘होय’ होतं. माशाच्या शेपटीवर ‘होय’ होतं. नांगरावर ‘होय’ होतं. तो ‘होय’ दोनदा गिरवलेला होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती वाढली. बाकीची दहा घाबरलेली माणसं एका घाबरलेल्या माणसाला काय करू शकतात ते मला माहीत नव्हतं. समोर वारा दार आपटत होता. मी चिठ्ठ्या होत्या तशा घडी करून डब्यात टाकल्या.

वाळूवर मी डबा अग्नेलच्या हातात दिला. “मिंगूचा मोठ्यानं वाच,” पेद्रू म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. अग्नेलनं वाऱ्याकडे पाठ केली, डबा पोटाशी धरला आणि एकेक चिठ्ठी उघडून मनात वाचली. उघडायची, बघायची, घडी घालायची, आत टाकायची. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. शेवटची चिठ्ठी आत गेल्यावर त्यानं झाकण दाबलं.

“काय हाय?” पेद्रूनं विचारलं.

“कागद हाय. होड्या काढा.”

“पन मिंगूचा काय निघाला?”

“होड्या काढा म्हनतो ना.”

“अग्नेल, नियम...”

अग्नेल त्याच्याकडे वळला. “पेद्रू,” तो म्हणाला, “तुझा वाचू?”

पेद्रूनं टोपी काढून वाळूत टाकली आणि होडीला खांदा लावला. अडीच वाजता पाच होड्या पाण्यात गेल्या.

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना खुणांचं सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही. त्या समोरच्या बोयांकडे वळल्या. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या, “मी इथं आठ दिवस या बोयांमधून चालत होते.” डबा त्यांनी परत घेतला नाही. त्यांचा अहवाल पुढं छापून आला, तो मी वाचला आहे. त्यात किनाऱ्यावरच्या इतर गावांची उत्तरं आहेत. आमचं गाव नाही. बारीक आसेचा नियम गावकीनं पुढच्या वर्षी बदलला. बंदी तशीच ठेवली, होडीला हात न लावण्याची शिक्षा काढून टाकली. कारण कुठंही लिहिलेलं नाही. बंदी त्यानंतर जास्त पाळली गेली की कमी, याची कुणी नोंद ठेवली नाही, म्हणून मी ते सांगू शकत नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला पेद्रूची होडी आमची होडी ओढत आली. जाळं पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं होतं आणि वडिलांनी किल्ल्याबाहेर नांगर टाकून चार तास काढले होते. लॉरेन्सकाका थंडीनं कुडकुडत होता. वडिलांचे ओठ मिठानं पांढरे झाले होते. ते पाण्यात उतरले आणि आईला म्हणाले, “पानी दे.” कापून काढलेलं जाळं होडीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलं होतं. त्याची आस करंगळीही जाणार नाही एवढी होती आणि तिच्यात चांदीच्या टिकल्यांसारखी पिल्लं अडकलेली होती. ती सगळ्यांनी पाहिली. मग होडी वर ओढायची वेळ आली. मी आईच्या मागे उभी राहून हात मोजले. दोन्ही बाजूंना मिळून सतरा नाखवे होते. ज्यांच्या चिठ्ठीवर ‘नाही’ होतं तेही होते.

त्याच संध्याकाळी, देवळातल्या सातच्या घंटेआधी, अग्नेल आमच्या दाराशी आला. त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला, “मॅडमला दे,” म्हणाला आणि गेला. मी तो पडवीत नेऊन उघडला आणि चिठ्ठ्या मोजल्या. सतरा होत्या. पुन्हा मोजल्या. नांगराची चिठ्ठी होती. क्रूस आणि दोन टिंबांची नव्हती.